दुखतंय, पण मला नाही

१

त्या इस्पितळात तिला सगळे भूलवाल्या मॅडम म्हणत. सर्जनचं नाव बाहेरच्या पाटीवर होतं, बरे झालेले लोक फुलं घेऊन यायचे तेही सर्जनच्याच खोलीत. तिचा चेहरा रुग्णाला दिसायचा तो डोक्याच्या बाजूने, उलटा, आणि अर्धा मास्कमध्ये. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ती म्हणायची, "मी कुणाला आठवत नाही, म्हणजे माझं काम चोख झालं."

बावीस वर्षांचा शिरस्ता होता. साडेसातला यायचं, सिरिंजा भरून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आठ वाजता पहिल्या रुग्णाला झोपवायचं. मग त्याच्या उशाशी स्टुलावर बसून आकडे बघत राहायचं. नाडी, रक्तदाब, श्वास. सुरी लागली की झोपलेल्या माणसाची नाडीसुद्धा जराशी चढते. शरीराला कळतं, माणसाला कळत नाही. नाडी चढली की ती औषध थोडं वाढवायची आणि आकडा खाली यायचा. इतकं साधं.

ऑपरेशन झालं की रुग्णाला शेजारच्या खोलीत नेत. त्या खोलीला सगळे नुसतं रिकव्हरी म्हणत. चार पलंग, दोन्ही खोल्यांच्या मधल्या दाराला एक गोल काच. तिथे माणूस डोळे उघडायचा आणि ती विचारायची, "शून्य ते दहा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. सांगा, किती दुखतंय?"

त्या दिवशी पित्ताशय काढलेली एक बेकरीवाली होती. धिप्पाड बाई, पीठ मळून मळून दंड पैलवानासारखे झालेले. तिने डोळे किलकिले केले, प्रश्न ऐकला आणि म्हणाली, "माझं की त्यांचं?"

"कुणाचं?"

बाईने मान खिडकीकडे वळवली. तिकडे चौथा पलंग होता. त्याच्या डोक्याशी असलेली ऑक्सिजनची तोटी वर्षभर बंद होती, म्हणून त्यावर कुणाला ठेवत नसत.

"मला काही नाही हो. शून्य लिहा. पण आधी त्यांचं बघा ना," बाई पुटपुटली. "केव्हाचं दहा असेल त्यांचं." आणि तिचा पुन्हा डोळा लागला.

सिस्टर खुदकन हसली. हसण्यासारखंच होतं. भुलीतून उठताना माणसं काहीच्या बाही बोलतात. एका न्यायाधीशाने लहानपणची कविता म्हटली होती, एका पोलिसाने सिस्टरला लग्नाची मागणी घातली होती. मॅडमनी कागदावर शून्य लिहिलं. अर्ध्या तासाने बाईला पूर्ण जाग आली तेव्हा तिने पहिला प्रश्न भट्टी कुणी पेटवली हा विचारला. मघाचं काही आठवतंय का, असं विचारावं असं मॅडमच्या अगदी ओठांवर आलं होतं.

त्यांनी विचारलं नाही.

२

घरी ती आणि तिचा थोरला भाऊ. दोघंही बिनलग्नाची, आईवडिलांच्या मागे त्याच तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहणारी. दादाने तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून तो भाजी चिरता चिरता शिकवायचा, आणि वर्गात विद्यार्थी एकच, पन्नाशी ओलांडलेली ही बहीण. तिला तो अजून ठमी म्हणायचा.

"दादा, दुखणं कुठे असतं रे?"

"आज काय विशेष?" सुरी थांबली. दादाला असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. "हे बघ ठमे, माझा अंगठा कापला. दुखणं कुठे आहे?"

"अंगठ्यात."

"आता मी अंगठा तोंडात घातला. मग दुखणं तोंडात आहे का?"

"छे, काहीतरीच."

"का बरं? किल्ली खिशात आहे आणि खिसा कोटात आहे, तर किल्ली कोटात असतेच की. दुखण्याचं तसं होत नाही. कारण दुखणं किल्लीसारखं कुठे ठेवलेलं नसतंच मुळी."

"बरं. मग मी भूल देते तेव्हा ते जातं कुठे?"

"जायला ते आधी असायला तर हवं! दुखणं म्हणजेच जाणवणं. जाणवलं नाही, तर झालंच नाही. कुणाचीच नसलेली छत्री असू शकते, बसमध्ये सापडते. कुणाचंच नसलेलं दुखणं असू शकत नाही. दुखणं आहे म्हटलं की ते कुणाला तरी दुखतंय, हे त्यात आलंच."

तिला एकदम हलकं वाटलं. बेकरीवालीला काही जाणवलं नाही, म्हणजे काही झालंच नाही. विषय संपला. तिने हात पुसले आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की दादा बोलताना एक हात जांघेवर दाबून उभा होता.

"हर्निया पुन्हा बाहेर आलाय ना? दोन वर्षं सांगतेय, करून घे."

"करू की," दादा म्हणाला. नेहमीसारखंच.

३

दहाबारा दिवसांनी एक सुतार आला. पटाशी निसटून डाव्या तळहाताच्या दोन शिरा तुटल्या होत्या. एवढ्यासाठी पूर्ण झोपवायचं कारण नव्हतं. मॅडमनी गळपट्टीच्या हाडाशी सुई घालून तेवढा हात बधिर केला. मध्ये हिरवा पडदा, पडद्यापलीकडे त्याचा हात आणि सर्जन, अलीकडे सुताराचं डोकं आणि मॅडम.

सुतार बडबड्या होता. इस्पितळाच्या दारांना कसं लाकूड वापरलंय, बिजागऱ्या कशा चुकीच्या बाजूला आहेत, सगळं सांगत होता. सर्जन टाके घालायला लागले आणि तो मध्येच गप्प झाला.

"दुखतंय का?" मॅडमनी विचारलं.

"हो."

सर्जनचे हात थांबले. मॅडमनी पडद्यापलीकडे जाऊन चिमट्याने त्याचं बोट दाबलं. "हे कळतंय?"

"नाही."

"आणि हे?"

"काहीच नाही. हात आहे की नाही तेही कळत नाही."

"मग दुखतंय म्हणालात ते कुठे?"

सुताराने कोरडे ओठ ओले केले. भुलीतला माणूस नव्हता तो, डोळे स्वच्छ होते. "दुखतंय," तो म्हणाला, "पण मला नाही."

मग तोच सांगू लागला. "आता कसं सांगू... शेजारच्या घरात भांडण चाललेलं भिंतीतून कळतं ना? शब्द कळत नाहीत, पण चाललंय ते कळतं. तसं. फक्त भिंत इथे आहे." आणि त्याने उजव्या हाताचं बोट गळपट्टीच्या हाडावर ठेवलं. बरोबर जिथे तिची सुई गेली होती तिथे.

"सुतारबुवा, भिंतीचं काम गवंड्याचं," सर्जन हसत म्हणाले. "तुम्ही दारंखिडक्यांचं बघा."

सगळे हसले. सुतार हसला नाही. छताकडे बघत हळूच म्हणाला, "लवकर आटपा साहेब. माझ्यासाठी म्हणत नाही."

४

त्याच आठवड्यात रिकव्हरीतल्या मावशी तणतणत आल्या. चादरी, उशा, फरशी सगळं त्यांच्याकडे. मावशींचा आवाज असा की झोपलेला रुग्ण अर्धा त्यानेच उठायचा.

"मॅडम, त्या चौथ्या पलंगावर कोण लोळतं, ते एकदा सांगून टाका."

"कुणी नाही लोळत. तो बंद आहे ना?"

"मग मी काय वेडी आहे? सकाळी चादर ताणून घालते, दुपारी बघावं तर हा असा बोळा. आणि उशी ओली. घाम पुसून घ्यायला येतं का कुणी तिथे?"

मॅडम जाऊन उभ्या राहिल्या. चादर चुरगळली होती खरी, पण लोळल्यासारखी नाही. मधला भाग सपाटच होता. दोन्ही कडांना, माणसाचे हात जिथे येतील तिथे, कापड गोळा होऊन वर आलं होतं आणि तिथून सुरकुत्या चारी बाजूंना पसरल्या होत्या. पायथ्याशी दोन खोलगट ओरखडे होते. असे ओरखडे त्या रोज बघत. टाचा रोवून कंबर उचलायला बघणारा माणूस तसे ओरखडे करतो.

"कापड आहे मावशी, चुरगळायचंच," त्या म्हणाल्या. आपला आवाज त्यांना जरा मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चादर घातली, हात फिरवून सपाट केली. पहिलं ऑपरेशन अकरापर्यंत चाललं. तोवर रिकव्हरीत रुग्ण नव्हता, म्हणून दाराला कुलूप लावून किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली. अकरा वाजता उघडलं. दोन्ही कडांना मुठी वळल्यासारखी चादर. उशीवर कानाएवढा ओला डाग.

एसीचं पाणी गळत असेल. त्यांनी छत बघितलं, कोरडं होतं. गादीची स्प्रिंग. गादी स्प्रिंगची नव्हती. मावशींकडे दुसरी किल्ली असेल आणि मावशी थट्टा करत असतील. पण मावशी त्या दिवशी रजेवर होत्या.

रविवारी ऑपरेशन नसायचं. तरी त्या गेल्या, चादर घातली, कुलूप लावलं आणि बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत वर्तमानपत्र वाचत बसल्या. सगळ्या बातम्या वाचून झाल्या, एकही लक्षात राहिली नाही. दुपारी दार उघडलं. चादर इस्त्री केल्यासारखी होती.

हे बघून सुटकेचा श्वास टाकावा की काय करावं, ते त्यांना कळेना.

५

तिने दादाला सांगितलं ते त्याला अंथरुणातच गाठून. त्याच रविवारी संध्याकाळी पाण्याची बादली उचलताना त्याचा हर्निया असा बाहेर आला होता की आत जाईना. सर्जननी येऊन कसाबसा आत ढकलला आणि बजावलं, "परवा सकाळी टेबलावर. आता नाटकं नकोत."

दादाने सगळं ऐकून घेतलं. बेकरीवाली, सुतार, चादर, कुलूप. मध्ये एकदाही त्याने विनोद केला नाही.

"तूच म्हणाला होतास," ती म्हणाली. "कुणाचंच नसलेलं दुखणं असू शकत नाही."

"म्हणालो होतो."

"आणि सुतार म्हणाला की दुखतंय. पण त्याला नाही."

"ठमे..."

"मग आता पुढचं वाक्य तूच सांग. तू शिकवायचास ना, दोन वाक्यं खरी असली की तिसरं टाळता येत नाही म्हणून?"

दादाने चष्मा काढला आणि बराच वेळ पांघरुणाच्या कोपऱ्याने पुसत बसला. "माझंच वाक्य माझ्याच गळ्यात घालतेस," तो शेवटी म्हणाला. मग जरा सावरून बसला. "हे बघ, चादरीच्या सुरकुत्यांवरून काहीही वाचता येतं. तो सुतार घाबरलेला होता. तू थकली आहेस. परवा मला पूर्ण झोपवू नकोस. कमरेखाली बधिर कर, मी जागा राहतो. माझं डोकं ठिकाणावर असतं हे तर मान्य आहे ना तुला?"

"बहुतेक वेळा."

"मग मी सांगेन ते खरं धर. मी म्हणालो काही नाही, तर हा विषय कायमचा बंद."

ती लगेच हो म्हणाली. तिला तेच हवं होतं. कुणीतरी शहाण्या माणसाने काही नाही म्हणावं, एवढंच हवं होतं.

६

"घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये म्हणतात," सर्जन हात धुताना म्हणाले.

"मग तुम्ही देता का?"

"नको बाई. मला त्याच्यापेक्षा कापणं सोपं वाटतं."

तिने दादाला पाठीचं धनुष्य करून बसवलं, मणक्यांमध्ये सुई घातली आणि झोपवलं. पाच मिनिटांत पाय जड झाले, दहा मिनिटांत ते त्याचे राहिले नाहीत. तिने बर्फाचा गोळा पोटावरून खाली फिरवत नेला. बेंबीखाली त्याला गार लागेना. चिमटा लागेना. तिने दोनदा तपासलं, मग तिसऱ्यांदा.

"ठमे, अजब आहे गं," दादा मजेत होता. "कमरेखाली मला कुणीतरी दुसऱ्याचे पाय लावलेत. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला हे दाखवायला हवं होतं."

पडदा लागला. ती त्याच्या उशाशी बसली. तिच्या स्टुलावरून गोल काच समोर होती आणि काचेतून रिकव्हरीचा खिडकीकडचा कोपरा दिसायचा. बावीस वर्षं दिसत होता. आज तिने स्टूल जरा तिरकं करून घेतलं होतं.

"सुरू करतोय," सर्जन म्हणाले.

दादाची नाडी बहात्तर होती. बहात्तरच राहिली. तो छताच्या दिव्याकडे बघत होता, चेहरा शांत. मग त्याच्या कपाळावर एक आठी पडली. विद्यार्थ्याने अवघड शंका विचारली की पडायची तशी.

"दादा?"

"थांब. ऐकू दे."

"दुखतंय का?"

"मला? नाही. मला काहीच होत नाहीये." त्याने तिचं मनगट पकडलं. "ठमे, त्यांना थांबव."

"का? काय होतंय?"

"मला काही नाही होत. पण थांबव. फार... अगं, फार दुखतंय कुणाला तरी."

"काय म्हणतायत प्राध्यापक?" पडद्यापलीकडून सर्जनचा आवाज आला.

"साहेब, थांबा!" दादा ओरडला. वर्गातसुद्धा कधी न चढलेला आवाज. "तुम्ही कुणाला कापताय बघा तरी! ते तोंड उघडतंय आणि त्याला आवाज नाही. थांबा म्हणतो ना!" आणि तो कोपरांवर उठू लागला. उघड्या जखमेनिशी.

"मॅडम!" सर्जन म्हणाले. आता त्यात थट्टा नव्हती. "धरा त्यांना. आतडं हातात आहे माझ्या."

दादा तिच्याकडे बघत होता. उलटा चेहरा, डोळे भरलेले, आणि त्या डोळ्यांत वेड अजिबात नव्हतं. तिने सलाईनच्या नळीला सिरिंज लावली. दादाने ते पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "ठमे, मी बोललो नाही तर कोण..."

तिने दट्ट्या दाबला. अर्ध्या मिनिटात मनगटावरची पकड सैल झाली.

"हुश्श," सर्जन म्हणाले. "घाबरतात हो कधी कधी. हुशार माणसं जास्त."

७

त्यापुढची पस्तीस मिनिटं तिने आकडे पाहिले. पाहिलेच. हात सवयीने चालत होते. पण तिच्या नजरेच्या कडेला ती काच होती, आणि कडेला असलेली गोष्ट न बघणं हे बघण्याहून कठीण असतं.

सर्जन म्हणाले, "जाळी बसवतोय, जरा ओढावं लागेल," आणि तिने मान वर केली.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकीतून सकाळचं ऊन सरळ त्या पलंगावर पडलं होतं. पांढरी चादर, पांढरी उशी. आणि चादर ताणली जात होती. मधून दोन्ही कडांकडे, हळूहळू, थरथरत. जणू कापड दोन जागी पिळलं जात होतं. सर्जननी हात सैल केला. कापड सैल झालं. सर्जननी पुन्हा ओढलं.

तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा सिस्टर विचारत होती, "मॅडम, तुम्हाला बरं नाही का?"

"बरी आहे. टाके किती राहिलेत?"

"चार," सर्जन म्हणाले.

ती मोजत राहिली. चार टाके इतका वेळ घेतात हे तिला ठाऊक नव्हतं.

दादाला ढकलत रिकव्हरीत नेलं, पहिल्या पलंगावर घेतलं. तो शांत घोरत होता. सिस्टर कागद आणायला गेली आणि खोलीत ती एकटीच उरली. चौथ्या पलंगापर्यंत सात पावलं. ती गेली. का गेली, ते तिला कधीच नीट सांगता आलं नाही. कुणी पलंगावर असलं आणि आपण त्या खोलीत असलो, की त्याच्यापर्यंत जायचं, एवढंच तिला येत होतं.

चादरीवर तळवा ठेवला. ऊब होती. उन्हाची असेल. ओल होती. ओल उन्हाची नसते.

उशीत मधोमध खळगा होता, छताकडे तोंड करून निजलेल्या माणसाचं डोकं करतं तसा. "झालं," ती म्हणाली. सगळ्यांना म्हणते तसंच, सवयीने. "झालं, संपलं आता."

उशी किंचित कुरकुरली. मधला खळगा भरत वर आला. आणि तिच्या बाजूला, गालाच्या आकाराचा, दुसरा खळगा पडायला लागला.

ती मागे सरली ती थेट दादाच्या पलंगाला आदळेपर्यंत.

८

तिसऱ्या दिवशी दादा घरी आला. जखम छान होती. सर्जन खूश होते. दादा मात्र गोळ्या घेईना.

सकाळची गोळी उशीखाली सापडली, दुपारची कुंडीत. संध्याकाळी ती पाण्याचा पेला घेऊन उभीच राहिली. दादाचा चेहरा पांढरा पडला होता, वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

"किती दुखतंय? शून्य ते दहा."

"आठ. हसलो तर नऊ."

"मग घे की. तुला कोण पदक देणार आहे?"

"नाही घेणार." त्याने पेला बाजूला सारला. "हे तरी माझं मलाच राहू दे."

ती खुर्चीत बसली. तीन दिवस दोघांनी हा विषय काढला नव्हता. टेबलावर त्याला झोपवलं त्या औषधाने पुढचं पुसलं जातं, मागचं नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. तरी तिला वाटत होतं की देव करो आणि थोडं मागचंही पुसलेलं असो.

"तू मला झोपवलंस तिथपर्यंतचं सगळं आठवतंय," दादा म्हणाला, जणू तिने विचारलंच होतं.

"दादा, तू उठत होतास. पोट उघडं होतं तुझं."

"माहीत आहे. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. मी त्याबद्दल बोलत नाहीये." तो दम खात थांबला. "मला त्याचं दुखणं नव्हतं होत. ते फक्त आहे, एवढं कळत होतं. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट कळली. त्याला काही माहीत नाही, ठमे. आपण दुखणं सोसतो, कारण आपल्याला ठाऊक असतं की हे ऑपरेशन आहे, हे माझ्या भल्याचं आहे, अर्ध्या तासात संपेल. तू सगळ्यांना आधी समजावतेस ना? आता गार लागेल, आता झोप येईल, इतका वेळ लागेल. त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. ते मधूनच सुरू होतं. का, ते माहीत नाही. संपणार का, तेही माहीत नाही."

"कोण आहे ते?"

"तीस वर्षं शिकवलं मी," दादा म्हणाला. "तुला काय सांगू? काय म्हणायचं तेसुद्धा मला माहीत नाही." आणि त्याने कूस बदलायचा प्रयत्न केला, जांघेत एक कळ उठली, आणि तिला वाटलं की त्या कळेवर त्याने दोन्ही हात ठेवलेत. एखादं मूल कुणी उचलून नेऊ नये म्हणून धरावं तसे.

ती रात्रभर जागी नव्हती. उलट मेल्यासारखी झोपली. सकाळी उठल्यावर तिला त्याचीच लाज वाटली.

९

सोमवारी ती कामावर गेली. राजीनाम्याचा कागद पर्समध्ये होता, तीन ओळींचा. कारणाची जागा कोरी होती. काय लिहिणार?

रिकव्हरीत चौथा पलंग नव्हता. मावशींनी ऑफिसात भांडून तो हलवायला लावला होता. तिथे फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होता. मावशी विजयी मुद्रेने म्हणाल्या, "गेली कटकट!" मॅडमनी मान हलवली. पलंग नव्हता म्हणून काय झालं, असं त्यांच्या मनात आलं. आता ते निजेल कुठे? खाली?

पहिलं नाव पाच वर्षांच्या मुलीचं होतं. टॉन्सिल. महिनाभर धड गिळता येत नव्हतं, रात्री श्वास अडकायचा, ओठ निळे पडायचे. आज केलं नाही तर चालण्यासारखं नव्हतं. मुलगी आईच्या कडेवर, एका हातात कापडी ससा. आई विशीतली, रात्रभर न झोपलेली.

मॅडमनी गुडघ्यावर बसून मुलीला सगळं समजावलं. हा मास्क, याला फुग्याचा वास येतो. तू आकडे म्हणायचे. मग झोप येईल, उठलीस की आई तिथेच.

"मॅडम," आई म्हणाली, "तिला दुखणार नाही ना?"

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना किती वेळा विचारला गेला असेल, आणि उत्तर देताना त्यांनी कधी डोळेसुद्धा वर केले नसतील. आज त्या आईकडे बघत राहिल्या. खरं काय ते या बाईला सांगायचं, तर काय सांगायचं? आणि सांगून ती काय करणार? मुलीला तसंच घरी नेणार?

"मॅडम?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तिला नाही दुखणार."

आईचे खांदे खाली आले. तिने मुलीचा मुका घेतला आणि तिला मॅडमच्या हातात दिलं.

मुलगी सातपर्यंत आकडे म्हणाली. ससा हातातून सुटला, सिस्टरने उचलून ठेवला. नाडी, श्वास, सगळं ठीक. सर्जन दिव्याखाली वाकले.

"सुरू करू?"

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी स्टूल काचेकडे वळवलं. पलीकडे उन्हाचा एक पट्टा त्या उजळ फरशीवर आला होता. आवाज त्यांनी तोच ठेवला, घाबरलेल्या माणसासाठी राखून ठेवलेला, सावकाश.

"आता दुखायला लागेल," त्या म्हणाल्या. "गळ्यात. फार दुखेल. पण वीस मिनिटंच. मग थांबेल. मी इथेच आहे, मी वेळ सांगत राहीन."

सर्जन दिव्याखालून वर झाले.

"कुणाला सांगताय मॅडम?" सर्जन म्हणाले. "ती तर केव्हाच झोपली."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून बारा मिनिटं.

"करा सुरू," त्या म्हणाल्या.